व्हॅनिला टाकला, पण बिअरमध्ये लागलाच नाही: एका पोर्टरच्या बॅचची पूर्ण केस

तेराव्या दिवशी फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, नळातून अर्धा ग्लास काढला, नाकाशी नेला, भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्याचा, वास आला, थोडा कॉफीसारखा कडसर वास आला आणि बस. व्हॅनिला नाहीच. सात दिवस आधी त्याच फर्मेंटरमध्ये दोन अख्ख्या शेंगा गेल्या होत्या. पार्टनरने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात फिरवला आणि म्हणाला, "अरे, हे तर ओल्या लाकडासारखं लागतंय." मग लगेच, "अजून चार टाकूया, आणि वरून दोन चमचे इसेन्स."

ते आम्ही केलं नाही हे या बॅचमधलं सगळ्यात चांगलं काम. पुढचे अकरा-बारा दिवस नक्की काय चुकलं ते शोधण्यात गेले, आणि जे सापडलं त्यातला अर्धा भाग व्हॅनिलाशी संबंधितच नव्हता, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी बॅच काय होती ते सांगतो. २० लिटरची पोर्टर, म्हणजे भाजक्या माल्टची गडद बिअर. साडेचार किलो पेल माल्ट, अर्धा किलो म्युनिक, ४०० ग्रॅम ब्राउन माल्ट, ३५० ग्रॅम क्रिस्टल, ३५० ग्रॅम चॉकलेट माल्ट आणि रंगासाठी १०० ग्रॅम ब्लॅक माल्ट. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) फक्त कडवटपणासाठी, साधारण ३० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), शेवटी वासासाठी काहीच नाही, कारण तिथे व्हॅनिला यायचा होता. ओजी, म्हणजे आंबायला लागण्याआधीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा), आली १.०६४. यीस्ट साधं ड्राय एल यीस्ट (थोड्या उबदार तापमानाला आंबणाऱ्या बिअरचं), १९ अंशावर. मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं, ६८ अंशावर केलं (निदान आम्हाला तसं वाटत होतं, त्यावर पुढे येतोच) आणि एफजी, म्हणजे आंबून झाल्यावरची ग्रॅव्हिटी, १.०१८ च्या आसपास यावी असा हिशोब होता, म्हणजे अंगात थोडा जाडपणा, थोडा गोडवा आणि सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल.

सहाव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०२२ होती, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) मधूनमधून बुडबुडे सोडत होता, वरचा फेस खाली बसायला लागला होता. आम्हाला वाटलं फर्मेंटेशन झालंच जवळपास, म्हणून शेंगांना सुरीने मधोमध चीर दिली आणि तशाच आत सोडल्या. अल्कोहोलमध्ये भिजवल्या नाहीत, खरवडल्या नाहीत, तुकडे केले नाहीत.

तेराव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१२. हा आकडा बघून मी पहिल्यांदा थबकलो. व्हॅनिलाचं दुःख बाजूला ठेवलं तरी ही बिअर आम्ही ठरवलेली बिअरच नव्हती, अल्कोहोल जवळजवळ पावणेसात टक्के आणि अंग पातळ, कोरडं. पण तेव्हा डोक्यात व्हॅनिलाच होता त्यामुळे आकडा वहीत लिहिला आणि पुढे गेलो.

पहिली शंका शेंगांवर. खरं सांगायचं तर टाकतानाच त्या मला आवडल्या नव्हत्या. चांगली शेंग बोटाला गुंडाळता येते, कातडी पट्ट्यासारखी लवचिक, वरून किंचित तेलकट, आणि चीर दिली की खोलीत वास पसरतो. आमच्या दोन्ही काडीसारख्या कडक होत्या, एक तर चिरतानाच मोडली. इथे एक गैरसमज दूर करतो, कोरडी शेंग म्हणजे वाईट शेंग असं नाही, अर्क काढायला थोडी कमी ओलाव्याची शेंग चांगलीच चालते, उलट पाण्याचे पैसे वाचतात. पण वास हवा. आमच्या शेंगांना नाक अगदी चिकटवलं तेव्हा कुठे काहीतरी जाणवत होतं.

वास कुठून येतो ते कळलं की शेंग निवडणं सोपं जातं. वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतोच. तिच्यात व्हॅनिलिन साखरेला बांधलेलं असतं, ग्लुकोव्हॅनिलिन म्हणतात त्याला. शेंगा गरम पाण्यात थोडा वेळ बुडवतात, मग कापडात गुंडाळून उबेत घाम आणतात, मग कित्येक आठवडे हळूहळू सुकवतात आणि पेट्यांत मुरवतात, आणि या प्रवासात शेंगेतलीच एन्झाइम्स ते बंधन तोडून व्हॅनिलिन मोकळं करतात. हे घाईत उरकलं किंवा नंतर शेंग उघडी पडून राहिली तर हातात उरतं ते लाकूड. त्यात हे ऑर्किडचं फूल एकच दिवस उमलतं आणि मूळच्या मेक्सिकोबाहेर ते बहुतेक ठिकाणी हातानेच फलित करावं लागतं. ती पद्धत १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, एक बारीक काडी आणि अंगठा, एवढ्यावर. आजही तसंच करतात. एवढे हात लागलेली गोष्ट आम्ही नीट न बघता चीर देऊन टाकून दिली याचं मला मनापासून वाईट वाटलं.

याच बेटाचं जुनं नाव बूर्बों, आणि म्हणून त्या भागातल्या व्हॅनिलाला बर्बन व्हॅनिला म्हणतात. पार्टनरला इतके दिवस वाटत होतं की त्या शेंगा बर्बन व्हिस्कीत भिजवलेल्या असतात आणि म्हणूनच आपल्याला वेगळं भिजवायची गरज नाही! भिजवण्याची पायरी गाळली गेली ती अशी. शेंगेचा व्हिस्कीशी काही संबंध नाही.

मग चौदाव्या दिवशी बिअर सायफन करून दुसऱ्या भांड्यात घेतली आणि गाळात अडकलेल्या शेंगा चिमट्याने बाहेर काढल्या. हे मी प्रत्येकाला करायला सांगेन, वापरलेल्या शेंगा फेकण्याआधी बघा. त्या फुगल्या होत्या, रंग काळ्याचा तपकिरी झाला होता, पण चीर मध्येच संपली होती, दोन्ही टोकं बंद. एक टोक नखाने उघडलं तर आत काळा चिकट गर जसाच्या तसा, बारीक बिया एकमेकींना धरून बसलेल्या, आणि बोटावर घेतल्यावर त्याला बिअरच्या वासातूनही व्हॅनिलाचा वास येत होता. म्हणजे सात दिवसांत बिअर तिथपर्यंत नीट पोचलीच नव्हती. व्हॅनिलिन थंड पाण्यात फार विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये खूप चांगलं विरघळतं, आणि सात टक्क्यांची बिअर म्हणजे शेवटी बहुतांश पाणीच. त्यात आतला गर तेलकट आणि दोन्ही टोकं बंद.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ही बऱ्याच जणांना माहीत नसते. यीस्ट व्हॅनिलिन खातं असं म्हणणं बरोबर नाही पण ते बदलतं, व्हॅनिलिनचं व्हॅनिलिल अल्कोहोल करतं आणि त्याला वास जवळजवळ नसतोच. वाइनवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे, ओकच्या पिंपातच आंबवलेल्या वाइनमध्ये लाकडाचा व्हॅनिला कमी जाणवतो आणि आंबवून झाल्यावर पिंपात ठेवलेल्या वाइनमध्ये जास्त, त्यामागचं एक कारण हेच. आम्ही शेंगा टाकल्या तेव्हा १.०२२ वरून १.०१२ पर्यंतचा प्रवास बाकी होता, म्हणजे यीस्ट जागं होतं, कामात होतं, आणि वर निघणारा कार्बन डायऑक्साइड थोडाफार वास सोबत घेऊन जात होता. जे काही थोडं शेंगेतून बाहेर आलं तेही बरंचसं असं गेलं.

इथपर्यंत केस सरळ वाटत होती. शेंगा खराब, चीर अर्धवट, वेळ चुकीची. उपाय, चांगल्या शेंगा आणून नीट अर्क करायचा. तो आम्ही केला पण. चार नव्या शेंगा, लवचिक, प्रत्येकी साधारण तीन ग्रॅम, टोकापासून टोकापर्यंत चिरल्या, सुरीच्या बोथट बाजूने गर खरवडला, सालीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे केले आणि गर, साल सगळं १२० मिली व्होडकामध्ये काचेच्या बरणीत. साल अजिबात फेकू नका, खरा माल सालीच्या आतल्या बाजूला आणि बियांभोवतीच्या तेलकट भागात असतो, नुसत्या काळ्या बिया दिसायला छान दिसतात, त्यांना स्वतःची चव फारशी नसते. १२ ग्रॅम शेंगा आणि १२० मिली, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, हे प्रमाण आम्ही अंदाजाने घेतलेलं नाही, अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बाजारात व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून विकायचं तर साधारण एवढ्याच शेंगा आणि किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. बरणी अंधारात, रोज एकदा हलवायची, दहा दिवस. तिसऱ्या दिवशीच चहासारखा रंग आला आणि दहाव्या दिवशी झाकण उघडलं की समजायचं.

बरणी मुरत होती तेव्हा मी परत त्या १.०१२ वर आलो, कारण ते मनातून जात नव्हतं. क्रिस्टल माल्ट, म्युनिक, ६८ अंशाचं मॅश, बिअरला गोडवा आणि जाडपणा देणारं एवढं सगळं असताना ती इतकी कोरडी का? यीस्टचं पाकीट ताजं होतं, इन्फेक्शनचं काही लक्षण नव्हतं, वरती पापुद्रा नाही, आंबट वास नाही, आणि ग्रॅव्हिटी १.०१२ वर थांबलेली होती, खाली जात नव्हती. शेवटी थर्मामीटर काढला, ग्लासात बर्फ ठेचून त्यात थोडं पाणी घातलं, ढवळलं, पाच मिनिटं थांबलो. काटा शून्यावर यायला हवा होता. तो ४ वर थांबला.

म्हणजे आमचं ६८ अंशाचं मॅश बहुतेक ६४ च्या आसपास झालं होतं. ६४ ला बीटा अमायलेज जोरात काम करतं, स्टार्चचे यीस्टला सहज खाता येतील असे बारीक तुकडे करतं, ६८ च्या वर गेलं की ते लवकर मंदावतं आणि यीस्टला न पचणारी मोठी साखळी जास्त उरते, तीच बिअरला अंग देते. चार अंशांनी आमच्या पोर्टरचं अंग काढून घेतलं होतं.

आता याचा व्हॅनिलाशी संबंध काय, तर माझ्या मते फार मोठा आहे. व्हॅनिला स्वतः गोड नसतो, अर्काचा थेंब जिभेवर ठेवून बघा, कडू आणि तिखट लागतो. आपण त्याला गोड समजतो कारण आयुष्यभर तो गोडाबरोबरच खाल्लेला असतो, नाकाला वास आला की जीभ गोड शोधायला लागते. बिअरमध्ये थोडा गोडवा, थोडा जाडपणा असेल तर जिभेला ते सापडतं आणि व्हॅनिला खुलतो. कोरड्या, भाजक्या, कडसर बिअरमध्ये जिभेला काहीच सापडत नाही आणि तोच व्हॅनिला लाकूड वाटतो. पार्टनरने तेराव्या दिवशी म्हटलेलं ओलं लाकूड हेच होतं, शेंगांची चूक अर्धी आणि आमच्या मॅशची अर्धी.

पटलं होतं, पण तपासल्याशिवाय २० लिटरवर प्रयोग करायचा नव्हता. चोविसाव्या दिवशी चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिली बिअर घेतली आणि १ मिलीच्या सिरिंजने अर्क घातला, एकात काही नाही, मग ०.२, ०.४ आणि ०.६ मिली. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ताईला, म्हणजे पार्टनरच्या मोठ्या बहिणीला, बोलावलं, ती बिअर फारशी पीत नाही पण तिचं नाक आम्हा दोघांपेक्षा खूप चांगलं आहे. ग्लास तिने फिरवून ठेवले, मग तिचे आम्ही. तिघांनीही ०.४ ला सगळ्यात वर ठेवलं, ०.६ ला वास जोरदार पण घोटानंतर घशात औषधासारखी कडवट रेघ. आणि तरीही ०.४ वाला ग्लास हातात धरून ताई म्हणाली, "वास छान येतोय रे, पण पिताना तो कुठेतरी निघून जातो."

तेवढंच ऐकायचं होतं. परत दोन ग्लास घेतले, दोन्हींत प्रत्येकी एक ग्रॅम लॅक्टोज विरघळवलं, एकात ०.४ अर्क आणि एकात अर्क नाही. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, मिल्क स्टाउट नावाच्या गडद, गोडसर बिअरमध्ये टाकतात तीच, एल यीस्टला ती पचत नाही त्यामुळे ती बिअरमध्ये तशीच राहते, आणि नेहमीच्या साखरेपेक्षा खूपच कमी गोड असल्याने बिअरचं सरबत होत नाही. दोन्ही एकत्र असलेला ग्लास प्यायलो आणि आम्ही तिघंही थोडा वेळ बोललोच नाही. चॉकलेट आलं होतं, जे आधी कुठल्याच ग्लासात नव्हतं. पण मला जास्त धक्का दुसऱ्या ग्लासाने दिला, ज्यात अर्क नव्हता, नुसतं लॅक्टोज. त्यात अगदी हलका पण स्पष्ट व्हॅनिला होता. पहिल्या दोन शेंगांचा. तो तिथे होता, इतके दिवस, आम्हाला लागत नव्हता.

पार्टनरने तेराव्या दिवशी अजून चार शेंगा टाकल्या असत्या तर काय झालं असतं याचं उत्तर ०.६ च्या ग्लासात मिळालंच होतं.

पंचविसाव्या दिवशी बॉटलिंग. सॅम्पल आणि गाळ वजा जाता १८ लिटर उरली होती. आधी त्यातली दोन लिटर बाजूला काढून सहा छोट्या बाटल्या भरल्या, दोन साध्या, दोन नुसत्या लॅक्टोजच्या, दोन नुसत्या अर्काच्या, सगळं सिरिंजने मोजून, प्रायमिंगचा, म्हणजे बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून घालायचा, साखरेचा पाकसुद्धा. या कंट्रोल बाटल्या ठेवायला कंटाळा येतो हे मान्य, पण त्या नसतील तर दोन महिन्यांनी कशाने काय झालं ते कुणीच सांगू शकत नाही.

उरलेल्या १६ लिटरसाठी १६० ग्रॅम लॅक्टोज आणि ८० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात दहा मिनिटं उकळून थंड केली, बॉटलिंगच्या बादलीत ओतली, त्यावर गाळणीतून गाळलेला ६४ मिली अर्क आणि मग बिअर सायफनने खालून हळूच, शिंतोडे न उडवता, कारण या टप्प्यावर हवा मिसळली तर डार्क बिअरलाही शिळा कागदी वास धरतो. अर्कातून वाढलेलं अल्कोहोल नगण्य, पाव टक्कासुद्धा नाही. एक सावधगिरी, लॅक्टोज एल यीस्टला पचत नसलं तरी बाहेरच्या काही जंतूंना पचतं, म्हणून भांडी-नळ्यांची सफाई नेहमीपेक्षा कडक हवी, नाहीतर बाटल्या उसळतात. आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांना ग्लास देण्याआधी सांगायचं, हे विसरून चालणार नाही. आम्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

तीन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवून पहिली बाटली उघडली. गॅसमुळे वास एकदम वर आला, इतका की व्हॅनिला आधी आणि बिअर नंतर, मला थोडं जास्त वाटलं. त्यातही फ्रीजमधून काढल्या काढल्या काहीच कळत नव्हतं, दहा-बारा अंशाला आल्यावर सगळं उघडलं. सहा आठवड्यांनी ती सगळ्यात छान होती, भाजका माल्ट पुढे, व्हॅनिला मागे, आणि गिळल्यावर चॉकलेटची साय जिभेवर राहते तसं काहीतरी. त्याच दिवशी कंट्रोल बाटल्याही उघडल्या. साधी बाटली कोरडी, चांगली पण निरस. नुसत्या अर्काची, नाकाला सुंदर आणि तोंडात लाकडी, शेवट तुरट. नुसत्या लॅक्टोजची मऊ, आणि पहिल्या शेंगांचा तो हलका वास अजून टिकून. ताईला न सांगता तिन्ही दिल्या, तिने अर्कवाली बाजूला सरकवली आणि लॅक्टोजवाली संपवली.

चौथ्या महिन्यापर्यंत मुख्य बॅचमधला व्हॅनिला बराच खाली बसला, आता वेगळा वास म्हणून ओळखू येत नाही, नुसता एक गोलसरपणा म्हणून जाणवतो. व्हॅनिला काळाबरोबर ओसरतोच, बाटलीत थोडं यीस्टही असतं. त्यामुळे जास्त दिवस ठेवायची बिअर असेल तर बॉटलिंगला थोडा जास्त वाटला तरी चालतो, आणि महिन्याभरात संपवायची असेल तर ग्लासात आवडला त्याहून जरा कमीच घ्यावा असं माझं मत झालंय. पार्टनरचं मत वेगळं आहे, त्याला तिसऱ्या आठवड्यातली जोरदार बाटलीच आवडली होती.

नवीन थर्मामीटर आला, तो बर्फात शून्य दाखवतो. गेल्या महिन्याअखेर तीच रेसिपी परत लावली, खऱ्या ६८ अंशावर, लॅक्टोज न घालता. कालचं रीडिंग १.०१९, आजचंही १.०१९, उद्या अजून एकदा बघणार. अर्काची नवी बरणी कपाटात नऊ दिवसांची झाली आहे आणि या वेळी लिटरला ३ मिलीपासून सुरुवात करायची असं ठरलंय. रविवारी ताई येणार आहे.